कपाटातला रविवार

“छापलंय तेवढंच वाचायचं. पदरचं एक अक्षर घालायचं नाही. समोरचा माणूस गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं.”

इन्व्हर्नेसच्या प्रशिक्षणात ऑर्मिस्टनबाईंनी हे इतकं घोटून घेतलं होतं, की अकरा वर्षं झाली तरी कुणाचंही दार वाजवण्याआधी एफी मॅकॉलेच्या कानात तो कोरडा, नीटनेटका आवाज उमटायचाच. घरोघरी किती वीज, किती तेल, किती सरपण जळतं आणि एवढं जळून घर उबतं का, याची सरकार दर हिवाळ्यात पाहणी करतं. घरं चिठ्ठ्या टाकून निवडतात. लुईस बेटावरच्या घरांचं काम एफीकडे होतं. गावोगावचे लोक तिला ‘ऊबवाली’ म्हणत, आणि ती जवळपास नसली की पुढे जोडत, “उबेची चौकशी करते, आणत मात्र कधी नाही.”

जानेवारीतल्या एका सोमवारी ती बालेगारला डोलिना मॅक्लाउडच्या दाराशी आली, तेव्हा आतून वाचनाचा आवाज येत होता. डोलिनाचा नेम होता तो. सकाळच्या खाण्यानंतर एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचं, मग फरशीवर गुडघे टेकून प्रार्थना. संध्याकाळी पुन्हा तेच. पूर्वी वाचायला भाऊ असायचा आणि ऐकायला ती. आता वाचायलाही तीच होती आणि ऐकायलाही.

एफी वाऱ्यात उभी राहिली. तिची स्वतःची उपासना आई गेल्यावर हळूहळू सुटली होती. तरी चाललेलं वाचन मोडून दार वाजवायला हात उचलेना.

“किती वेळची उभी आहेस?” दार उघडून डोलिना म्हणाली. एकोणऐंशी वर्षांची, शिडशिडीत, घरातच कोट घातलेली.

“तुमचं वाचन चाललं होतं.”

“पोस्टमन कॅलमची लेक ना तू? म्हणजे आईनं काहीतरी लावलंय वळण. ये आत. आतही ऊब आहे असं नाही म्हणत मी, पण वारा तरी नाही.”

स्वयंपाकघरातल्या शेगडीत पीटच्या तीन ढेपा धुमसत होत्या. दलदलीतून कापून उन्हाळाभर वाळवलेल्या या मातीच्या ढेपा म्हणजेच तिथलं सरपण. कापणारा भाऊ गेला, तेव्हापासून डोलिना शेजाऱ्यांनी दिलेल्या चार पोत्यांवर हिवाळा ओढत होती. बाकीच्या खोल्यांची दारं तिनं बंदच करून टाकली होती, आणि फटींत जुने कपडे खोचले होते.

एफीनं प्रश्नांचा कागद काढला.

“या घरात किती माणसं राहतात?”

“एक.”

“गेल्या बारा महिन्यांत या संख्येत काही बदल झाला का?”

“बारा नाही, बारा महिने आणि नऊ दिवस झाले,” डोलिना म्हणाली. “म्हणजे तुझ्या कागदात रुअरी बसत नाही.”

एफीनं ‘नाही’वर खूण केली. तसाच नियम होता.

“डॉक्टरनं लिहिलं, फुप्फुसं. खोटं नाही लिहिलं त्यानं. पण त्याच्या खोलीत भिंतीवर आलेला ओलावा पहाटेपर्यंत गोठायचा, एफी. मी नखानं खरवडून काढायचे. ते कुणी कुठं लिहिलं नाही.” तिनं शेगडीतली एक ढेप जराशी पुढे ओढली, मग विचार बदलून पुन्हा मागे सारली. “आजवर कुणी घरात येऊन मोजमाप करतो म्हणालं असतं, तर दारातूनच पाठवलं असतं मी. पण चिठ्ठी निघाल्याचं पत्र आलं तेव्हा वाटलं, बरं झालं. त्याचं नाव नको, माझंही नको. एवढंच कुठंतरी लिहिलेलं असू दे, की या घरात इतकी थंडी असते. मग मला काही मागायचं नाही.”

“नावं आम्ही लिहीतच नाही. नुसता आकडा जातो.”

“आकडा चालेल.”

प्रश्न संपले, तेव्हा एफीनं पिशवीतून तळहाताएवढी पांढरी डबी काढली आणि बशांच्या फळीवर ठेवली. दर अर्ध्या तासानं खोलीचं तापमान टिपणारं यंत्र. दोन आठवडे ते तिथंच राहायचं होतं.

डोलिनानं चष्मा लावून ते न्याहाळलं. “हे आपलं आपणच लिहितं?”

एफीनं पत्रक वाचलं. “‘उपकरणाकडे लक्ष देण्याची गरज नाही. ते आपोआप नोंद घेते.’”

“आपोआप.” तो शब्द डोलिनानं तोंडात घोळवला. “रोज?”

इथं एफी थांबली. हा प्रश्न कुठून आला ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्याही आईच्या घरी शनिवारी संध्याकाळीच बटाटे सोलून ठेवले जात, रविवारचं पाणी भरून ठेवलं जाई, वाळत घातलेले कपडे ओले असले तरी दोरीवरून उतरत. शब्बाथचा दिवस विसाव्याचा. त्या दिवशी घरात कुणी काम करायचं नाही, दुसऱ्याकडून करवून घ्यायचं नाही. ‘रोज म्हणजे रविवारीसुद्धा’ एवढं म्हटलं की पुरे होतं. पण पत्रकात ते नव्हतं. आणि म्हटलं तर ही बाई डबी परत देणार, एक घर गळणार, असंही तिच्या मनात येऊन गेलं. त्या दिवशी अजून तीन घरं गाठायची होती. दोनच तर रविवार, आणि डबी काही आवाज करत नाही.

तिनं पुढची ओळ वाचली. “‘कृपया उपकरण ठेवलेल्या जागेवरून हलवू नये.’”

डोलिनानं मान हलवली. “बरं,” म्हणाली. आणि दोघी गप्प बसल्या.

दोन आठवड्यांनी एफी डबी न्यायला आली, तेव्हा ती फळीवर ठेवली होती तिथंच होती, पुसून लख्ख केलेली.

“त्रास नाही ना झाला?”

“छे. गरीब आहे बिचारी. खायला मागत नाही, उलट बोलत नाही. नाहीतर तुझं सरकार.” डोलिनानं डबी दोन्ही हातांनी तिच्याकडे दिली. “नीट गेलं ना लिहून सगळं?”

“तिकडे उघडल्यावर कळेल.”

“कळव मला. नियमात बसत असलं तर.”

चौथ्या दिवशी एडिंबरोहून फिन्लेचा फोन आला. सगळ्या डब्यांचे आकडे त्याच्याकडे जमत. सव्वीस वर्षांचा पोरगा, कामाला चोख, बोलायला गमत्या. एफीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

“एफी, तुमच्या त्या बालेगारच्या आजी दर रविवारी घराचं न्हाणीघर करतात का?”

“म्हणजे?”

“म्हणजे बघा ना. सहा दिवस नऊ अंश, दहा अंश. एकदा आठसुद्धा. मला वाचूनच स्वेटर घालावासा वाटला. आणि शनिवारी दुपारी चार वाजले की आलेख जो चढतो तो थेट अठ्ठावीस. रविवारभर अठ्ठावीस. सोमवारी सकाळी सातला पुन्हा खाली. दोन्ही आठवडे अगदी तस्सं. पाहुणे येतात की काय रविवारी? पार्टी?”

एफीच्या गाडीच्या काचेवर गारा पडायला लागल्या होत्या. शनिवारी चार म्हणजे दिवे लागायच्या आधी. डबी कुठं ठेवली असेल तेवढं सोडून बाकी सगळं तिला एका क्षणात कळलं.

“एफी? आहात ना?”

“आहे,” ती म्हणाली, आणि तिनं शब्बाथचं सांगितलं.

फिन्ले हसला नाही. म्हणाला, “हे पहिल्या दिवशी का नाही नोंदवलं? याला संकेतांक आहे की. सतरा नंबर, ‘ठरवून काढून ठेवले’. लोक सुट्टीत रंगकाम काढतात, खोली रिकामी करतात, त्यासाठी. डबी ठेवतानाच तेवढं लिहिलं असतं तर रविवार वगळून बारा दिवस धरले असते. चांगले होते हो ते बारा दिवस.”

“आता लिही.”

“आता नाही चालत. आधी नोंद नसली की तो ‘उपकरण हलवले’ होतो, आणि हलवलेल्या डबीचे चौदाच्या चौदा दिवस बाद. कुठले आकडे खरे आणि कुठले नाहीत, ते आम्ही मागाहून ठरवायचं नसतं. आम्ही तसं करायला लागलो तर उद्या कुणीही काहीही ठरवेल.”

“पुन्हा ठेवू दोन आठवडे.”

“एका घराला एकदाच. तुम्हाला माहीत आहे.” तो थोडा घुटमळला. “प्रश्नावली राहील त्यांची. पण थंडीचा तक्ता नुसत्या डब्यांवरून होतो. त्यात ते घर नसेल. सॉरी, एफी. खरंच.”

डोलिनाला जाऊन हे सांग, असं कुणीच एफीला म्हटलं नव्हतं. कुठल्या कागदात तसं कलमही नव्हतं. तिनं गाडी बालेगारकडे वळवली.

डोलिनानं चहा केला, ओटच्या भाकऱ्या आणि घरचं मऊ चीज पुढे ठेवलं. एफीनं त्याला हात लावायच्या आधी सगळं सांगून टाकलं. आलेख, अठ्ठावीस अंश, बाद झालेले चौदा दिवस. डोलिनानं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग ती उठली आणि तिनं कोपऱ्यातलं अरुंद कपाट उघडलं. आत गरम पाण्याची टाकी होती. टाकीला लागून एक फळी, तिच्यावर मीठ, काड्यापेट्या, पवित्र ग्रंथ आणि लोकरीचा एक लांब करडा मोजा. घरभरात कोरडी राहणारी जागा तेवढीच.

“याच्यात गुंडाळून ठेवली होती,” ती मोजा दाखवत म्हणाली. “रुअरीचा आहे. शनिवारी दिवे लागायच्या आधी ठेवायची, सोमवारी सकाळच्या वाचनानंतर काढायची. माझी आजी रविवारी कोंबड्यालाही टोपलीखाली झाकायची, म्हणजे तोही त्या दिवशी कोंबड्यांच्या मागे धावायचा नाही. लोक हसायचे तिला. मी म्हटलं, ही डबी माझ्या घरी पाहुणी आहे. पाहुण्यालाही त्या दिवशी राबवायचं नसतं. अंधारात, उबेत पडू दे बिचारीला. निजेल.”

“तिला निजता येत नाही, डोलिना.”

“हो. आता कळलं.” तिनं मोज्याची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. “हलवू नका असं तू वाचलं होतंस. माझ्या ध्यानात होतं ते. पण मला वाटलं, तुझ्या सरकारची जागा आणि देवाचा दिवस यांत मला निवडायला लागलंय, तर त्यात निवडण्यासारखं काय आहे.”

“तुमचं नाही चुकलं.”

“पत्रकात नव्हतं, की ती रविवारीही लिहिते?”

“नव्हतं.”

“पण तुला ठाऊक होतं.”

“होतं.”

“मी विचारलं होतं,” डोलिना हळू म्हणाली. “‘रोज?’ म्हणून विचारलं होतं मी.”

“हो. ऐकलं होतं मी.”

शेगडीत एक ढेप मोडून खाली बसली. डोलिना तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर एफीला बरं वाटलं असतं.

“मग आता त्यांच्या लेखी काय आहे हे घर?”

“त्यांच्या लेखी या घराचा आकडाच नाही.”

“आणि नुसते दोन रविवार धरले तर?”

“तर बेटावरचं सगळ्यात उबदार घर.”

डोलिनाच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं. “रुअरी पोट धरून हसला असता. जन्मभर हातमोजे घालून माग चालवला त्यानं. म्हणाला असता, बघ डोली, मी गेलो आणि घर गरम झालं.” तिनं भाकरीची ताटली उगाच एका बाजूनं सरळ केली, दुसऱ्या बाजूनं सरळ केली. कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, तेही लपवून नाही आणि दाखवूनही नाही, घाम पुसावा तसे.

“तू सांगितलं असतंस तर मी डबी घेतलीच नसती,” ती म्हणाली. “म्हणजे तरीही आकडा गेलाच नसता. तेव्हा तू जिवाला फार लावून घेऊ नकोस. की मी म्हटलं असतं, शनिवारी येऊन घेऊन जा म्हणून? पण तसं कुठं चालतं.”

एफी इथं गप्प राहू शकली असती. म्हातारीनं आपण होऊन तिला सोडवलं होतं. कागद घ्यायचा, चहा प्यायचा, बाहेर पडायचं.

“चाललं असतं,” एफी म्हणाली. “त्याला एक नंबर आहे. पहिल्या दिवशी लिहायचा असतो. तुम्ही म्हणाला असता, मी शनिवारी नेली असती, सोमवारी परत ठेवली असती, आणि तुमचे बारा दिवस धरले गेले असते. सगळे. आठ अंश झालं होतं ती सकाळसुद्धा.”

डोलिनानं खुर्चीची पाठ धरली आणि बसली. खिडकीबाहेर गारा थांबल्या, एक मेंढी खोकल्यासारखी ओरडली.

“एवढ्या एका वाक्यासाठी,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“हे मला सांगायला आलीस, ते बरं केलंस. कठीण होतं ते.” तिनं कपात चहा ओतला, एफीकडे सरकवला. “पी. गार होतोय. या घरात सगळं लवकर गार होतं.” आणि मग, आवाज तसाच मऊ ठेवून, “किती घरं राहिलीत तुझी?”

“अठरा.”

“आमच्या चर्चच्या मंडळीतली?”

एफीनं मनात यादी चाळली. “सात.”

“त्यांतली कुणी डबी शेडमध्ये टाकेल, कुणी खोक्यात घालेल. कुणी माझ्यासारखी निजवेल. सगळीच गारठलेली घरं आहेत, मला माहीत आहेत ती. तीही अशीच जायची?” ती पुढे झुकली. “त्यांच्याकडे छापलेलं वाचून झालं की कागद खाली ठेव. मग सांग. तुझ्या स्वतःच्या तोंडानं.”

“मला पदरचं बोलायची मुभा नाही, डोलिना.”

“मुभा आहे का, असं नाही विचारलं मी.”

एफीनं कप उचलला, तो खरंच गार झाला होता. ती तो पूर्ण प्याली.

“सांगेन,” ती म्हणाली. “रविवारीही लिहिते म्हणून सांगेन. शनिवारी उजेड असतानाच जाऊन घेऊन येईन, सोमवारी नेऊन ठेवीन. पहिल्याच दिवशी नंबर लिहीन.”

“सातही घरी?”

“सातही.”

“लांब लांब आहेत.”

“हो.”

“पुरे,” डोलिना म्हणाली. “शपथ नको घेऊस. हो म्हणालीस तेवढं पुरे.” आणि तिनं कपाटाचं दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात एफीनं मंडळीतल्या तीन घरी डब्या ठेवल्या. तिन्ही ठिकाणी पत्रक वाचून झाल्यावर ते मांडीवर उलटं ठेवलं. मग रविवारचं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पहिल्या घरचा मालक टॉर्मड, निवृत्त खलाशी, ऐकून म्हणाला, “सांगितलंस ते बरं केलंस. मी हिला शनिवारी दोरीनं बांधून विहिरीत सोडणार होतो.” त्याच्या बायकोनं मात्र हसण्यावारी नेलं नाही. तिनं एफीचा हात धरला आणि विचारलं, “तू स्वतः येशील? दुसऱ्या कुणाला नाही ना पाठवणार?”

“मीच येईन.”

शुक्रवारी फिन्लेचा निरोप आला. बेटावरच्या घरांची नवी यादी आली होती, बालेगारचं घर त्यातून काढलं होतं, त्या ओळीच्या जागी एक आडवी रेघ होती. खाली त्यानं लिहिलं होतं, की सतरा नंबरच्या एवढ्या नोंदी एका दमात आलेल्या वरच्यांनी पाहिल्या आहेत आणि ते कारण विचारणार आहेत. एफीनं उत्तर लिहिलं, “विचारू देत.” आडव्या रेघेकडे ती बराच वेळ बघत राहिली. तिथं आठ लिहायला हवं होतं.

शनिवारी स्टॉर्नोवेत सकाळपासून गारांचा मारा होता. नवरा म्हणाला, “अगं, आज सुट्टी तुझी. दोन दिवस त्या डब्या तिथं राहिल्या तर कुणाचं काय जातंय?” एफीनं काही वाद घातला नाही. रविवारचे बटाटे सोलून तिनं पाण्यात टाकले, हात पुसले. कागदावर तीन गावांची नावं लिहिली, सगळ्यात लांबचं आधी, कारण फेब्रुवारीत पाचलाच अंधारून येतं. गरम चहाची बाटली भरली. तीन स्वच्छ फडकी घडी करून पिशवीत घातली. मग तिनं गळ्याशी कोटाची गुंडी लावली, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि भर दुपारी, उजेड हाताशी असताना, गाडी सगळ्यात लांबच्या नेस गावाच्या रस्त्याला लावली.